चौथं रीळ

पुन्ता अरेनासमध्ये कधीकधी वारा असा सुटतो
की बायका कोपऱ्यावर विजेच्या खांबाला मिठी मारून उभ्या राहतात
आणि कुणी हसत नाही.
तशातही गुरुवारी एकोणीस जण आले,
लोकरीच्या जुन्या गोदामात, आपापली उशी काखेत घेऊन,
कारण खुर्च्या लोखंडी आणि चित्रपट दोन तासांचा.
भिंतींना अजून मेंढ्यांचा वास येतो.

गोष्ट अशी: एक बाई, एक नवरा, वरचा मजला.
नवरा म्हणतो, वर कुणी नाही.
बाई म्हणते, मग पावलं कुणाची?
दोघंही इतकं हळू बोलतात
की ऐकणाऱ्यानं घोटसुद्धा गिळू नये.

मी यंत्रापाशी. माझं काम रिळं लावायचं.
तिसरं संपलं, आणि बोटं गारठलेली म्हणा
किंवा डबीवरचा आकडा पुसट म्हणा,
मी पाचवं चढवलं.

कळलं तेव्हा पडद्यावर कप फुटला होता,
निळ्या काठाचा. फरशीवर तीन तुकडे.
थांबवायला हवं होतं.
नाही थांबवलं.
पाचव्यानंतर चौथं लावलं,
आणि तोच कप, अखंड, वाफाळता,
बाईच्या हातात परत आला.
खाली अंधारात कुणाची तरी खुर्ची करकरली.

दिवे लागले. चहा आला. आणि सुरू झालं.

दंतवैद्य रादोमिर म्हणाला, तो कप म्हणजे किल्ली.
सगळं स्वप्न आहे. फुटणं आधी, पिणं नंतर,
भूल उतरताना माझे पेशंट असंच बोलतात.
एलियाना बाई शाळेत गणित शिकवतात;
त्यांनी कागदी रुमालावर दोन कप काढले, दोन बायका, दोन घरं,
आणि खाली रेघ मारून उत्तर लिहिलं: जुळ्या.
येर्को, खेकडे पकडणारा, म्हणाला, दिग्दर्शक झिंगलेला होता.
मग म्हणाला, पण छान झिंगलेला.
दोन पोरं हमरीतुमरीवर आली, नवरा खुनी की निव्वळ बावळट.
"असं धाडस आजकाल करतं कोण!" रादोमिर म्हणाला,
आणि मी मान डोलावली,
बशा विसळत, मूग गिळून.

वाटलं, सांगून टाकावं. हसतील, चार दिवस चिडवतील.
शब्द ओठांवर आलेच होते.

तेवढ्यात एदेल्मिरा, जी कधी बोलत नाही,
जी सात वर्षं दाराजवळच्या त्याच खुर्चीत बसते,
हातमोजे चढवता चढवता म्हणाली:
मला नाही काही विचित्र वाटलं.
बालताझार ऑगस्टमध्ये गेला.
सप्टेंबरभर तो रोज सकाळी टेबलाशी होता,
पावाला लोणी लावत. सुरीचा आवाज यायचा.
आधी फुटतं. मग कधीतरी अख्खं दिसतं.
यात स्वप्न कसलं, आणि जुळ्या कशाला?

एलियाना बाईंनी रुमालाची घडी घातली,
मग त्या घडीची घडी.
वर पत्रे वाजत राहिले.

मी रिळं डब्यांत भरली. आकडा आता नीट दिसत होता,
इतका ठळक की लाज वाटली.

निघताना निबाल्दो, दीपगृहावर तीस वर्षं काढलेला,
टोपी कानांवर ओढत माझ्यापाशी थांबला.
"त्या बाईचे केस," तो म्हणाला, "आधी कापलेले होते. मग लांब."
हो का, मी म्हटलं.
तो बघत राहिला. अंधारात काय कुठून कुठे सरकतं
ते वहीत नोंदवायची जन्माची सवय.
"पुढे कधी परत दाखवशील?" त्यानं विचारलं. "असाच?"

असाच.

बाहेर एदेल्मिरा एका हातानं खांबाला धरून उभी होती,
दुसऱ्यात उशी.
निबाल्दो वाऱ्यात तिरका होत तिच्याकडे गेला.

डबीवरचा आकडा मी बदलला नाही.
फक्त एक चिठ्ठी चिकटवली, जो कुणी नंतर येईल त्याच्यासाठी:
आधी पाचवं.